वाचकांचे प्रश्न : ‘लर्न’ म्हणजे नेहमीच ‘शिकणे’ नव्हे

प्रश्न : मी दिग्रस तालुक्यातील एका खेड्यात सातवीच्या वर्गाला इंग्रजी शिकविते. घरातील जुन्या वस्तू आणावयास सांगितले असता एका मुलीने पणजोबांच्या लोखंडी पेटीच्या तळाशी अंथरलेल्या इंग्रजी वृत्तपत्राचा एक तुकडा जपून आणला. त्याच्यावर नाव किंवा तारीख उरलेली नाही. वाचता येण्यासारख्या तीन बातम्या आहेत आणि तिन्हींचा आरंभ ‘वुई लर्न’ या शब्दांनी होतो. पहिली एका खाजगी पत्राच्या आधाराने दिलेली आहे आणि दुसरी मुंबईच्या दुसऱ्या एका वृत्तपत्रावरून घेतलेली आहे. तिसरीत मात्र ‘वून’ जिल्ह्यात पावसाने कापसाच्या गाठी भिजल्याचे कोणाचाही हवाला न देता सांगितले आहे. मुलीने फळ्यावर लिहिले, ‘आम्ही शिकतो की गाठी भिजल्या.’ वर्ग हसला. मी ते ‘आम्हाला समजले की’ असे दुरुस्त केले खरे, पण मूळ वाक्य वर्तमानकाळात का आहे, हे ‘आम्ही’ कोण आणि ‘वून’ कोणते गाव, हे मला सांगता आले नाही. या रचनेवरून तुकड्याचा काळ ठरविता येईल का?

उत्तर : त्या मुलीला हसण्याचे काही कारण नव्हते. पाठ्यपुस्तकाच्या शेवटी दिलेल्या शब्दार्थांत ‘लर्न’पुढे ‘शिकणे’ एवढाच अर्थ असेल, तर तो इमानाने बसविणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातून दुसरे काय होणार? इंग्रजीत या क्रियापदाचे दोन अर्थ फार पूर्वीपासून शेजारी शेजारी नांदत आले आहेत. एक म्हणजे मेहनतीने विद्या किंवा कसब मिळविणे आणि दुसरा म्हणजे एखादी गोष्ट कळणे, तिचा पत्ता लागणे. दुसरा अर्थ वृत्तपत्रांनी घडविलेला नाही. 1600 मध्ये छापल्या गेलेल्या शेक्सपिअरच्या ‘मच अडू अबाउट नथिंग’ या नाटकाचा पडदा उघडताच मेसिनाचा राज्यपाल लिओनाटो हातात पत्र धरून सांगतो की, डॉन पेद्रो आज रात्री मेसिनाला येत आहे असे या पत्रातून मला कळते. तेथे क्रियापद ‘लर्न’ हेच आहे, काळ वर्तमान आहे आणि ‘या पत्रातून’ हा हवालाही त्याच वाक्यात आहे. आपल्या तुकड्यातील पहिली बातमी आणि हे वाक्य एकाच साच्यातून निघालेली आहेत.

आपल्याकडच्या मुलांना सांगण्याजोगी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. ‘लर्न’ या शब्दाचे मूळ शोधत मागे गेले की व्युत्पत्तिकार ‘माग’ किंवा ‘तास’ या अर्थाच्या एका प्राचीन धातूपाशी येऊन थांबतात. हे तास घड्याळातले नव्हेत, शेतातले, म्हणजे नांगराने पडणारी चर. लॅटिनमध्ये नांगराच्या तासाला ‘लिरा’ म्हणत आणि तास सोडून भरकटणाऱ्यासाठी जे क्रियापद होते, त्यावरून तापात बरळणे या अर्थाचा ‘डिलिरियम’ हा शब्द आला. डवरणीच्या वेळी बैल तास धरून चालला की पीक वाचते आणि तास सोडून तो पऱ्हाटीत शिरला की काय होते, हे दिग्रसच्या मुलांना शिकवावे लागणार नाही. माग धरणे म्हणजे ‘लर्न’ आणि माग सुटणे म्हणजे ‘डिलिरियम’, एवढे सांगितले तरी तो शब्द त्यांच्या ध्यानात राहील.

आता मराठीकडे येऊ, कारण खरी अडचण तेथेच आहे. इंग्रजी एका क्रियापदात जे भागविते, त्यासाठी आपल्याकडे शिकणे, समजणे आणि कळणे अशी निदान तीन क्रियापदे आहेत आणि तिघांच्या चाली निराळ्या आहेत. ‘मी शिकतो’ या वाक्यात शिकणारा स्वतः काही करतो, म्हणून तो प्रथमेत उभा राहतो. ‘मला कळले’ या वाक्यात मी काहीच करीत नाही. बातमी आपणहून येते आणि मला गाठते, म्हणून ‘मी’ला ‘ला’ लागतो. आपल्या भागात बोलताना ‘मला माईत पडलं’ म्हणतात, तेव्हा तर ती गोष्ट वरून अंगावर पडल्याचेच चित्र उभे राहते. समजणे हे यांतले सर्वांत लबाड क्रियापद आहे, कारण ते दोन्हीकडून चालते. ‘तो गेला असे मला समजले’ म्हणजे तो खरोखरच गेला आहे, परंतु ‘तो गेला असे मी समजलो’ म्हटले की ऐकणारा लगेच विचारतो, ‘मग, गेला नव्हता का?’ एका ‘ला’ने खऱ्याचा गैरसमज होतो. इंग्रजी ‘लर्न’ला ही दुसरी, फसगतीची चाल नाही. ‘वुई लर्न’ असे लिहिणारा पुढची गोष्ट खरी मानून लिहितो. म्हणून आपण केलेली दुरुस्ती बरोबर आहे. फक्त त्या काळातील भाषेचा डौल राखावयाचा असेल, तर ‘आम्हांस असे कळते की’ हे अधिक जवळचे ठरेल.

वर्तमानकाळाचे कोडे याच वाटेने सुटते. गाठी भिजल्या त्या गेल्या आठवड्यात, पत्र आले ते काल, परंतु संपादकापाशी ती माहिती आज आहे आणि क्रियापद या आजच्या स्थितीला धरून चालते. आपणही ‘तुम्ही बैलांची नवी जोडी घेतली, असे ऐकतो’ म्हणतो. ऐकून चार दिवस झालेले असले तरी ‘ऐकतो’च म्हणतो आणि त्यात कोणाला व्याकरणाची चूक दिसत नाही.

‘आम्ही’ म्हणजे संपादक. तो एकटाच असला तरी वृत्तपत्राच्या वतीने अनेकवचनात बोलत असे. त्या काळी बातमी आणण्यासाठी पगारी माणसे गावोगाव पाठविण्याची ऐपत थोड्याच वृत्तपत्रांना होती. संपादकाच्या टेबलावर जे येऊन पडे, ती बातमी. त्यात वाचकांची पत्रे असत, जहाजांनी आणलेल्या टपालाच्या थैल्या असत आणि सर्वांत अधिक म्हणजे दुसरी वृत्तपत्रे असत. संपादकांनी आपापले अंक एकमेकांना पाठवावेत आणि त्यांतून हवे ते कापून घ्यावे, हा राजरोस रिवाज होता. अमेरिकेत तर 1792 च्या टपाल कायद्याने संपादकांना एकमेकांची वृत्तपत्रे टपालाने विनामूल्य मिळण्याची सोय करून दिली होती. तेव्हा आपल्या तुकड्यातील दुसरी बातमी ही चोरी समजू नये. ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव सांगितले की व्यवहार चोख मानला जाई.

बातमी किती दिवसांनी आली, हेही वाचकाला ठाऊक असणे आवश्यक होते. ट्रफाल्गारची लढाई 21 ऑक्टोबर 1805 रोजी झाली, इंग्रज नौसेनापती नेल्सन त्याच दिवशी मारला गेला आणि ही वार्ता लंडनच्या नौदल कार्यालयात पोहोचली ती 6 नोव्हेंबरला, ‘पिकल’ नावाच्या एका लहानशा जहाजाने. विलायतेचे टपाल आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, म्हणजे केपला, वळसा घालून हिंदुस्थानात येई, तेव्हा त्याला कित्येक महिने लागत. अशा दिवसांत ‘अमुक झाले’ असे बेधडक लिहिणे संपादकाला परवडणारे नव्हते, कारण पत्र वाटेत असताना परिस्थिती उलटून गेलेली असू शकत होती. ‘अमक्या तारखेच्या पत्रावरून आम्हांस कळते’ असे लिहिले की वाचक स्वतःच दिवस मोजून घेई. आपल्या प्रश्नातील माझ्या मते मुख्य गोष्ट ही आहे. जुन्या वृत्तलेखनात ‘लर्न’ हे क्रियापद सहसा एकटे येत नाही, कशावरून कळले ते सोबत घेऊन येते. ती नुसती लिहिण्याची लकब नव्हती. बातमी कोणत्या वाटेने आली याची ती पावती होती.

मराठी वृत्तपत्रांनी आरंभापासून ही रीत जवळून पाहिलेली आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ 6 जानेवारी 1832 रोजी निघाले, तेव्हा त्याच्या पानावर एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभात मराठी मजकूर असे. वृत्तपत्री मराठीची पुष्कळशी वाक्ये अशा शेजारातूनच घडत गेली, असे मला वाटते. मात्र आपल्या भाषेने ‘वुई’चे ओझे लवकर उतरविले. ‘आम्हांस कळते’मधील ‘आम्हांस’ गळून ‘असे कळते’, ‘असे समजते’ एवढेच उरले आणि आपल्या व्याकरणाला ते खटकलेही नाही, कारण कळणाऱ्याचा उल्लेख न करता कळणे मराठीत सहज चालते. इंग्रजीला ही सवलत नाही. कर्त्यावाचून तिचे वाक्य उभेच राहत नाही, म्हणून तिला पुढे ‘इट इज लर्न्ट’ अशी कसरत करावी लागली.

ही कसरत तारायंत्राच्या मागोमाग वाढली, असे मला वाटते. आपल्या वऱ्हाडाचेच उदाहरण पाहा. खामगावच्या कापसाच्या बाजारासाठी मुख्य लोहमार्गापासून शाखा काढण्यात आली आणि 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी तिचे उद्घाटन केले. त्याच वर्षी समुद्राखालच्या तारेने मुंबई थेट इंग्लंडशी जोडली गेली. ज्या वार्तेला पूर्वी आठवडे लागत, ती आता काही तासांत येऊ लागली. तारेत शब्दाला पैसे पडत, त्यामुळे वाक्ये आखूड झाली. वृत्तसंस्थांनी पुरविलेला मजकूर अनेक वृत्तपत्रांत एकाच वेळी छापला जाऊ लागला, तेव्हा ‘आम्ही’ म्हणावयाचे तरी कोणत्या वृत्तपत्राने? संपादकाचा ‘आम्ही’ अग्रलेखापुरता राहिला आणि बातमीत ‘इट इज लर्न्ट’ येऊन बसले. ‘आम्ही’ गेला याचे मला फारसे वाईट वाटत नाही, परंतु त्याच्याबरोबर ‘अमक्या पत्रावरून’ हे शब्दही बहुतेक ठिकाणी गेले, हे नुकसान झाले. आपल्या तुकड्यातील तिसऱ्या बातमीत त्याची चाहूल लागते.

काळाविषयी सांगावयाचे तर केवळ ‘वुई लर्न’ या शब्दांवरून तो ठरणार नाही, कारण ही रचना फार दीर्घ काळ वापरात होती. आपल्याला उपयोगी पडेल तो ‘वून’ हा शब्द. वून म्हणजे आपले वणी. आजचा यवतमाळ जिल्हा 1864 मध्ये दक्षिण-पूर्व वऱ्हाड म्हणून वेगळा काढण्यात आला, पुढे त्याला वून जिल्हा म्हणू लागले आणि 1905 मध्ये त्याचे नाव यवतमाळ झाले. तेव्हा जिल्हा म्हणून ‘वून’चे नाव छापणारे ते पान 1864 नंतरचे आणि बहुधा 1905 पूर्वीचे असावे. जुनी नावे लोकांच्या लेखणीत काही वर्षे रेंगाळतात, म्हणून ‘बहुधा’ म्हणतो. तो तुकडा पुन्हा पेटीत घडी करून ठेवू नये. घडीवरच कागद प्रथम तुटतो.

प्रश्न : मी तालुक्याच्या गावाहून वृत्तपत्रांना बातम्या पाठवितो. जुन्या इंग्रजी अंकांत ‘वुई हिअर’, ‘वुई लर्न’ आणि ‘वुई अंडरस्टँड’ असे तीन प्रकार दिसतात. त्यांत खरोखर काही भेद होता, की एकच शब्द पुन्हा पुन्हा येऊ नये म्हणून ते बदलून वापरीत? मराठीत आम्ही तिन्हींसाठी ‘समजते’ लिहितो.

उत्तर : भेद होता, जरी प्रत्येक संपादक तो सारख्याच काटेकोरपणे पाळीत नसे. ‘हिअर’ म्हणजे कानावर आले. त्याची खात्री संपादक देत नाही. मराठीत त्याला नेमका जोड ‘म्हणे’ हा आहे. ‘साहेबांची बदली झाली म्हणे’ या वाक्यातील शेवटच्या दोन अक्षरांनी बोलणारा आपले अंग काढून घेतो. ‘लर्न’ याच्या वरचे, कारण त्यात कागदाचा किंवा माणसाचा हवाला अपेक्षित आहे. ‘अंडरस्टँड’चा डाव निराळा असतो. ज्याला खरोखर माहीत आहे अशा कोणी कानात सांगितले आहे, परंतु त्याचे नाव घ्यावयाचे नाही, हे त्यातून सुचविले जाते. नेमणुका, बदल्या, सरकारचे न जाहीर झालेले बेत अशा बातम्यांच्या आरंभी ते विशेष शोभे. इंग्रजी वृत्तपत्रांत ते अजूनही याच कामासाठी राबते. आजच्या मराठीत ही जागा ‘सूत्रांकडून’ या शब्दाने घेतली आहे आणि ही सूत्रे कोणाच्या हाती आहेत, हे वाचकाने विचारावयाचे नसते.

आपण तिन्हींसाठी ‘समजते’ लिहिता, तसे मीही लिहीत होतो. कापूस फक्त सरकारी यंत्रणेनेच विकत घ्यावयाचा, अशी एकाधिकार खरेदी चालू होती त्या काळात मी एका तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याच्या एका दैनिकाला बातम्या पाठवीत असे. दुपारी चारच्या एसटीने कंडक्टरच्या हाती पाकीट द्यावयाचे, एवढीच यंत्रणा होती. एका शनिवारी मी लिहिले की, सोमवारपासून संकलन केंद्रावर काटा सुरू होणार असल्याचे समजते. रविवारी छापून आले, ‘सोमवारपासून कापसाचा काटा सुरू’. खालच्या मजकुरातही ‘समजते’ नव्हते. जागा कमी पडली असेल. सोमवारी पहाटेपासून केंद्रासमोर बंड्यांची रांग लागली. फाटकाला कुलूप होते आणि कापसाची प्रत ठरविणारा ग्रेडर आला तो गुरुवारी. तीन रात्री माणसे कापसाच्या बंड्यांखाली निजली, आणलेला कडबा संपल्यावर बैलांसाठी गावात हिंडली. त्यांतल्या एका म्हाताऱ्या कास्तकाराने चौघडी केलेला अंक बंडीच्या धुरीवर उघडून मला दाखविला आणि विचारले, ‘भाऊ, हे तुमीच लिवलं ना?’ मी म्हणालो की, मी ‘समजते’ असे लिहिले होते. तो म्हणाला, ‘मंग ते समजते कोठी गेलं?’

संपादन करणाऱ्यावर मी पुष्कळ दिवस राग धरला होता. पुढे जुन्या अंकांतील ही वाक्ये वाचू लागलो, तेव्हा माझ्या मूळ वाक्याकडे निराळ्या नजरेने पाहता आले. ‘समजते’ छापून आले असते, तरी काय फरक पडला असता? मला ते सांगितले होते केंद्रावरच्या दोन हमालांनी, चहाच्या टपरीवर. ‘केंद्रावरील हमालांकडून समजते’ असे मी लिहिले असते, तर जागेसाठी कात्री लावणाऱ्याला ते इतक्या सहज उडविता आले नसते, कारण एक शब्द काढणे सोपे असते, चार शब्दांचा हवाला काढला की बातमीच लंगडी होते. शिवाय हमालांच्या सांगण्यावर बंडी जुंपावी की नाही, हे त्या म्हाताऱ्याने माझ्यापेक्षा चांगले ठरविले असते. माझे ‘समजते’ मी वाचकाला सावध करण्यासाठी लिहिलेच नव्हते. उद्या चुकले तर अंगावर येऊ नये म्हणून लिहिले होते. वून जिल्ह्यातील गाठींची ती तिसरी बातमी लिहिणाऱ्या संपादकाला मी म्हणूनच फार नावे ठेवू शकत नाही.

तेव्हा आपल्याला माझी सूचना एवढीच की, ‘समजते’ खुशाल लिहावे, परंतु त्याच्या आधी ‘कडून’ किंवा ‘वरून’ लावून येणारा एक शब्द असावा. ग्रामसेवकाकडून, फलकावरील सूचनेवरून, पोलीस पाटलांकडून. नाव देता येत नसेल तर निदान जात सांगावी, म्हणजे कार्यालयातील माणूस, प्रत्यक्ष पाहणारा, की ऐकून सांगणारा.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या एका सराव प्रश्नात ‘लर्न्ट’ हे रूप चूक ठरविले होते आणि ‘लर्न्ड’ बरोबर. वृत्तपत्रांत तर ‘इट इज लर्न्ट’ सर्रास दिसते. खरे काय?

उत्तर : दोन्ही रूपे शुद्ध आहेत. अमेरिकेत ‘लर्न्ड’ चालते, ब्रिटनमध्ये दोन्ही चालतात आणि आपल्याकडील इंग्रजी वृत्तपत्रांनी ‘लर्न्ट’ला विशेष आश्रय दिलेला आहे. या रूपाला चूक ठरविणारा प्रश्नच सदोष आहे. एका ठिकाणी मात्र गल्लत करू नये. ‘विद्वान’ या अर्थी विशेषण असेल, तर शेवटी ‘ईडी’च लिहितात आणि उच्चार ‘लर्नेड’ असा दोन अवयवांचा होतो. न्यायालयात वकील समोरच्या वकिलाला ‘माझे विद्वान मित्र’ म्हणतात, त्याचे इंग्रजी मूळ ‘माय लर्नेड फ्रेंड’ हे आहे. तेथे ‘लर्न्ट’ लिहिल्यास ते खरोखरच चूक होईल.